खुर्च्या

सोळा वर्षं मी या कॉलेजात फळे पुसते.
अक्षरावरून माणूस कळतो मला:
रसायनाचे माकीसर, शेवटच्या ओळीला कायम घाईत,
त्यांचा 'जी' नेहमी शेपूट तुटलेला.
आणि खोली दोनशे चौदामधला बारीक, डावीकडे कलता हात
कॉर्लिस बोड्रीचा.
जाताना तो अर्धा फळा स्वतःच पुसून जातो,
मला बरं पडावं म्हणून.
इतका वाईट पुसतो की मला दुप्पट काम.

जानेवारीत तलावावरून वारा सुटला
की पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या बर्फाखाली सारख्याच.
एकीची काच तेवढी आतून धुरकटलेली.
रात्रीचे अकरा. मी ठोठावलं.
अंगात दोन कोट, मांडीवर निबंधांचा गठ्ठा, बोड्री.
म्हणाला, सकाळी आठला इथं तास आहे,
मग नव्वद मैलांवर दुसऱ्या कॉलेजात दोन.
घरी गेलो नाही तर पेट्रोल वाचतं.

मला वाटायचं, टायवाल्यांना महिना मिळतो.

त्याला बॉयलरच्या खोलीत नेलं.
टोइवो लाह्तीने स्वतःच्या कपात कॉफी दिली,
स्वतः झाकणातून प्यायला.
मग पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या, पेन्सिल निघाली.
निबंध तपासायचे तास धरले
तर माझा तास बोड्रीच्या तासापेक्षा
साडेतीन डॉलरने महाग.
टोइवो आधी हसला.
मग उठून उगाचच एक व्हॉल्व्ह तपासत बसला.

मार्चपर्यंत त्या खोलीत बादल्या पुरेनात.
आम्ही बादल्या उपड्या करून बसायचो:
नोंदणी खिडकीची मार्लिस, भटारखान्यातल्या दोघी बहिणी,
ग्रंथालयाचा तो मुका वाटणारा पोरगा,
जो एकदा बोलायला लागला तो थांबेचना.
पत्रकातल्या एका स्वल्पविरामावर
इंग्रजीवाले पाऊण तास भांडले.
टोइवो म्हणाला, माझा आजा तांब्याच्या खाणीत संपावर होता,
त्यांनी एवढ्या वेळात खाण बंद केली असती.

माकीसर मात्र आले नाहीत.
मी त्यांची कचऱ्याची टोपली रिकामी करत होते
तेव्हा ते फोनवर कुणाला तरी म्हणाले,
"आपण काय कामगार आहोत?"
मी टोपली जागेवर ठेवली. जरा आवाज करून.

एप्रिलात अध्यक्षबाईंनी सगळ्यांना बोलावलं.
एकशे चाळीस खुर्च्या मांड, मला हुकूम.
मांडल्या. सरळ रांगेत. ते माझं काम.
पडद्यावर मोठ्या अक्षरांत: आपण एक कुटुंब आहोत.
कुटुंबात वाढतं कोण आणि शेवटी जेवतं कोण,
भटारखान्यातली थोरली बहीण हे हळूच म्हणाली,
पण माइक तिच्याकडे नव्हता.

सगळे गेल्यावर खुर्च्या उचलताना
पाचव्या रांगेत, बैठक आणि पाठीच्या फटीत
चार घड्यांचं एक कार्ड सापडलं.
युनियनचं. सही केलेलं.
आडनावाच्या आधीच घाई, आणि तारखेच्या बाजूला
शेपूट तुटलेला तो 'जी'.

फेकलं होतं? लपवलं होतं?
की मी झाडते हे त्यांना माहीत होतं?
मार्लिसकडे दिलं असतं तर एक कार्ड वाढलं असतं.
मी इस्त्री केल्यासारखं हाताने सपाट केलं
आणि त्यांच्या वर्गात डस्टरखाली ठेवलं.
दुसऱ्या रात्री डस्टर तिथंच. कार्ड नव्हतं.
कचऱ्यातही नव्हतं, मी पाहिलं.

मोजणीला बाराच खुर्च्या लागल्या.
एकाहत्तर विरुद्ध सहासष्ट.
माकीसर कोणत्या आकड्यात, मला आजही ठाऊक नाही.
जिन्यात भेटले. "व्हर्ना," म्हणाले,
सोळा वर्षांत पहिल्यांदा,
आणि पुढं काहीच न सुचून निघून गेले.

बाहेर ओरडाआरडा, कुणाची तरी मोटार हॉर्न वाजवत होती.
बोड्री मागं राहिला, खुर्च्या घडी करायला.
चौथ्या खुर्चीत बोट चेमटलं त्याचं.
आजीच्या फ्रेंचमध्ये त्याने अशी एक शिवी दिली
की मी म्हटलं, ही फळ्यावर लिहून ठेव,
उद्या मीच पुसेन.